भातखाचराखालून जाणारी गॅसवाहिनी

(पळसदरी, ता. कर्जत येथील शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



आज सकाळी गाडीतून उतरलो आणि समोर घाट पाहिला. तुमच्या या भागाला नळ काही नवे नाहीत. इथून काही स्टेशने पुढे खोपोलीला गेले की डोंगरावरून खाली उतरणारे पाण्याचे मोठे नळ दिसतात. खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ साली आणि तिकडे भिऱ्याचे १९२७ साली. घाटमाथ्यावरचे पाणी नळातून खाली सोडायचे, त्याच्या जोरावर चाके फिरवायची आणि वीज मुंबईला पाठवायची, असा तो उद्योग. त्यासाठी ज्यांची गावे बुडाली त्यांचे दुःख वेगळे आहे. मुळशीचा सत्याग्रह आपल्याला माहीत आहे. पण खाली राहणाऱ्या आपल्या लोकांना त्यातून एक गोष्ट मिळाली. भिवपुरीला वीज करून झाल्यावर सुटलेले पाणी राजनाल्यातून फिरले आणि कर्जत तालुक्यात उन्हाळी भात उभे राहिले.

आज ज्या नळाबद्दल बोलायचे आहे तोही वीजघराकडेच जातो. फरक एवढाच की तो दिसत नाही, आणि त्याच्या शेपटीला आपल्यासाठी पाणी नाही. तो खाचराखालून येतो आणि पुढच्याच्या खाचराखालून निघून जातो. म्हणून त्याच्याशी व्यवहार करताना जे मिळवायचे ते सुरुवातीलाच मिळवावे लागते.

आधी हा वायू कुठून कुठे जातो ते थोडक्यात सांगतो. आपल्या रायगड जिल्ह्यात उरणला १९८२ पासून वायूवर चालणारे सरकारी वीजघर आहे. मुंबईजवळच्या समुद्रातून निघणारा वायू उरणला किनाऱ्यावर येतो आणि तिथून वीजघराला मिळतो. त्याची क्षमता ६७२ मेगावॅट. पण पुरेसा वायू न मिळाल्यामुळे वर्षानुवर्षे ते पूर्ण ताकदीने चालू शकले नाही. दुसरे वीजघर रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागर तालुक्यात अंजनवेलला. ज्याला आपण सगळे दाभोळचा प्रकल्प म्हणतो तेच हे. १९९९ मध्ये नाफ्त्यावर ते सुरू झाले, २००१ मध्ये बंद पडले, २००५ मध्ये नव्या कंपनीकडे आले. त्याला वायू पोहोचावा म्हणून गुजरातेतल्या दहेजपासून उरणपर्यंत आणि पुढे पनवेलपासून दाभोळपर्यंत वाहिनी टाकली गेली. २००७ मध्ये तिच्यातून वायू जाऊ लागला. २००९ मध्ये आंध्रच्या काकिनाड्याकडून भरूचपर्यंत जाणारी, चार फूट व्यासाची आणखी एक मोठी वाहिनी सुरू झाली. ती सह्याद्री ओलांडून खाली आली आणि कल्याणच्या बाजूला म्हसकळ येथे पहिल्या वाहिनीला जोडली गेली. पुढे आंध्रच्या समुद्रातला वायू कमी झाला आणि दाभोळचे वीजघर पुन्हा थंडावले. नोव्हेंबर २०१५ मध्ये ते रेल्वेला वीज देण्यासाठी परत चालू झाले. वायू असला-नसला तरी नळ मात्र शेताखाली तसाच राहतो, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता मुख्य मुद्दा. पुष्कळ शेतकरी मला विचारतात, "साहेब, जमीन गेली का?" जमीन जात नाही. रस्त्यासाठी, धरणासाठी जसे संपादन होते तसे हे नाही. यासाठी १९६२ चा वेगळा केंद्रीय कायदा आहे. त्यात सरकार जमीन घेत नाही, जमिनीच्या पोटातून नळ नेण्याचा वापरहक्क घेते. सातबारा तुमच्याच नावावर राहतो, फक्त इतर हक्कांच्या रकान्यात त्या वापरहक्काची नोंद येते. काम झाले की जमीन परत कसायला मिळते. हे ऐकून शेतकऱ्याला हायसे वाटते आणि तो सही करतो. पण परत मिळते ती जमीन पहिल्यासारखी नसते. कायद्याने तिच्यावर कायमची तीन बंधने येतात. त्या पट्ट्यात घर किंवा कोणतेही बांधकाम करता येत नाही. विहीर, तळे, बंधारा खोदता-बांधता येत नाही. आणि झाड लावता येत नाही.

कर्जत-खालापुरात या तीन गोष्टींची किंमत काय आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. मुंबईकर इथे शेतघरासाठी गुंठ्यावर जमीन घेतो. मधून पट्टा गेला की त्या तुकड्याचा भाव पडतो. आपल्यापैकी काहींना शेततळे घ्यायचे असते, काहींनी फळबाग योजनेतून आंबा-काजू लावायचे मनात धरलेले असते. ते त्या पट्ट्यात कधीच होणार नाही. आणि या कायमच्या बंधनाबद्दल कायद्याने मिळते किती, तर जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के. म्हणजे गुंठ्याला शंभर रुपये भाव धरला तर दहा रुपये. पट्टा वीस मीटर रुंद आणि तुमचे शेत शंभर मीटर लांब असेल, तर जवळजवळ वीस गुंठे, म्हणजे अर्धा एकर त्यात सापडतो. हा बाजारभाव पहिली अधिसूचना निघाली त्या दिवसाचा धरतात, पैसे हातात पडतात त्या दिवसाचा नाही.

या दहा टक्क्यांशिवाय पिकाचे, झाडांचे आणि इतर नुकसान वेगळे मिळते. आपले लोक चुकतात ते इथे. पंचनाम्याला माणसे आली की शेतकरी भाताचे सांगतो आणि गप्प बसतो. अहो, भात कापल्यावर त्याच ओलीवर तुम्ही वाल टाकता, तो कुठे गेला? बांधावरची तूर? गुरांना लागणारा पेंढा? काम दिवाळीनंतर सुरू होऊन वैशाखापर्यंत चालले तर वालाचा सबंध हंगाम बुडतो, आणि राजनाल्याखालच्या शेतात उन्हाळी भातही बुडते. हे सगळे पंचनाम्यात लिहून घ्यावे. बांधावरचे प्रत्येक झाड मोजावे, कोणते आणि किती वर्षांचे ते लिहावे. शेतीची पाइपलाइन, कुंपण, दगडी बांध तुटणार असेल तर तेही लिहावे. कोऱ्या कागदावर सही करू नये, आणि केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत मागून घ्यावी. ठरवलेली रक्कम मान्य नसेल तर जिल्हा न्यायाधीशांकडे जाता येते, ही तरतूद कायद्यातच आहे.

आणखी एक सांगतो, विशेषतः ठाकूर आणि कातकरी बांधवांसाठी. कायद्याने भरपाई केवळ सातबारावरच्या मालकाला नाही, ज्याचा त्या जमिनीत हितसंबंध आहे त्याला आहे. अर्धेलीने कसणाऱ्याचे पीक उभे असेल तर ते त्याचे नुकसान आहे. पण हे सिद्ध करायला कागद लागतो. २०२१ पासून पीक पाहणी आपण मोबाइलवर करतो. ती दर हंगामात वेळेवर करावी. वनहक्काचा पट्टा असेल तर त्याची प्रत पंचनाम्याच्या वेळी हजर ठेवावी. मागाहून पळापळ करून काही हाती लागत नाही.

हे झाले पैशाचे. पण पैशाच्या आधी एक पायरी आहे आणि तिची मुदत फार थोडी आहे. वाहिनी टाकण्याचा इरादा सरकार राजपत्रात प्रसिद्ध करते. त्यात गावाचे नाव, गट नंबर आणि क्षेत्र असते. त्या राजपत्राच्या प्रती लोकांना उपलब्ध झाल्यापासून २१ दिवसांच्या आत सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी हरकत देता येते आणि तुमचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. एकवीस दिवस म्हणजे रोप पेरून लावणीला येईपर्यंतचा काळ; डोळ्यांदेखत निघून जातो. आपल्याकडे असे होते की कागद चावडीवर लागतो, वाचतो कोणी नाही, आणि पहिली बातमी मिळते ती पोकलेन शेताच्या कडेला येऊन उभे राहते तेव्हा. हरकत म्हणजे विरोधच असे नाही. माझ्या शेताच्या मधून न नेता बांधाच्या कडेने न्या, इथे विहीर आहे, इथे धाकट्या भावाने घर बांधायचे ठरवले आहे, हे गटाच्या नकाशावर दाखवून सांगता येते. राहते घर, पक्के बांधकाम किंवा घराचे आवार आधीपासून असेल तर कायद्याप्रमाणे त्याखालून नळ नेता येत नाही. मनातल्या घराला मात्र हे संरक्षण नाही. म्हणून ते हरकतीतच मांडावे लागते.

आता माझ्या विषयाकडे येतो, मातीकडे. मी आयुष्यभर भातखाचरांच्या मातीचे काम केले, त्यामुळे इथे थोडा जास्त वेळ घेईन.

भातखाचर म्हणजे नुसती जमीन नव्हे, ते बांधकाम आहे. वरचा वीतभर थर मऊ, काळपट, शेणखत आणि पेंढा खाऊन तयार झालेला. त्याच्या खाली, पिढ्यान्‌पिढ्या चिखलणी करून बसलेला घट्ट थर. हा घट्ट थर म्हणजे खाचराचे तळ. त्याच्यामुळे पाणी उभे राहते. त्याखाली मुरूम. नळ टाकताना चर खोदतात तो हे तिन्ही थर फोडून. नळाच्या वर कमीत कमी एक मीटर माती हवी असा नियम आहे, म्हणजे चर त्याहून पुष्कळ खोल जातो. खोदलेले सगळे एकाच ढिगात पडले आणि तसेच परत लोटले, तर मुरूम वर येतो आणि वीतभर सुपीक माती खाली गाडली जाते. वरून ते सपाट दिसते. अधिकारी येतो, पाहतो, जमीन पूर्ववत केली असे लिहितो.

माझ्या मामांचे खालापूर तालुक्यात खाचर होते. त्यातून असा एक नळ गेला. काम करणाऱ्यांनी मे महिन्यात घाईघाईने चर बुजवला. मृगाचा पाऊस पडला, चिखलणी झाली, लावणी झाली. आठ दिवसांनी मामांचा निरोप आला की खाचरात पाणी राहत नाही. जाऊन पाहिले तर नळाच्या रेषेत माती हातभर खचलेली, आणि वरच्या तिन्ही खाचरांचे पाणी त्या चरातून आतल्या आत खाली चाललेले. बुजवलेला चर भुसभुशीत राहिला की तो शेताखालचा पाटच होतो. पट्ट्यातले भात पिवळे पडले ते पडलेच, वरच्या खाचरांतलेही सुकले. ज्या खाचरातून नळ गेलाच नव्हता त्याची भरपाई मागायची कोणाकडे? मामा तीन वर्षे ते खाचर दुरुस्त करीत होते. मातीचा माणूस घरात असूनही मी काम चालू असताना तिथे गेलो नाही, ही माझी चूक.

म्हणून सांगतो, काम चालू असताना शेतावर उभे राहा. वरची वीतभर माती आधी काढून पट्ट्याच्या एका कडेला ठेवायला लावा, खालचा मुरूम दुसऱ्या कडेला. दोन ढीग वेगळे. बुजवताना मुरूम आधी, तोही थराथराने दाबून, आणि वरची माती सर्वात शेवटी. माती बसते, म्हणून चरावर थोडा उंचवटा ठेवावा. जिथे चर बांध ओलांडतो तिथे चिकणमाती भरून चांगली धुमसावी, म्हणजे पाणी एका खाचरातून दुसऱ्यात चोरवाटेने जाणार नाही. हे काम होण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढून ठेवावेत, त्यात तारीख दिसेल असे पाहावे. आणि पावसाळ्याच्या तोंडावर चर उघडा राहू देऊ नये. मुरमावर पावसाचे पाणी साचले आणि त्यात यंत्रे फिरली की ती जमीन विटेसारखी होते.

पहिल्या खरिपात त्या पट्ट्यावर भाताचा आग्रह धरू नका. तिथे ताग किंवा धैंचा पेरा, हेक्टरी ४० ते ५० किलो बी, आणि फुलावर येण्याच्या सुमारास गाडून टाका. गिरिपुष्पाचा पाला मिळत असेल तर गुंठ्याला शंभर किलोपर्यंत घाला. दुसऱ्या वर्षी बैलांनी किंवा पॉवर टिलरने दोन वेळा, आडवी-उभी चिखलणी करा. जड ट्रॅक्टर लगेच घालू नका. घट्ट थर एका वर्षात तयार होत नाही, पण तो होतो. भात, नाचणी, वाल, हरभरा, भाजीपाला, कलिंगड ही सगळी पिके पट्ट्यात घेता येतात. नेहमीची नांगरट वीतभर जाते, तिची नळाला बाधा नाही. बांबू मात्र झाड नव्हे गवत आहे, असे म्हणून लावू नका. त्याच्या बेटाखाली नळाची तपासणी करता येत नाही.

या भागात मला खरी भीती वाटते ती वीटभट्टीची. खाचरातली माती भट्टीला विकायची आपल्याकडे रीत आहे. पट्ट्यातली दोन फूट माती उचलली तर नळावरचे पांघरूण मीटरभराचे होते ते सव्वा फुटावर येते. मग पुढच्या वर्षी जेसीबीचा दात कुठे लागेल सांगता येत नाही. मोठ्या वाहिनीत वायूचा दाब ९० बारच्या आसपास जाऊ शकतो. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात एक बारच्या जवळपास हवा असते, त्यावरून अंदाज करा. पट्ट्यातली माती विकू नये, तिथे भट्टी लावू नये, राब भाजू नये. राबाऐवजी गादीवाफ्यावर रोपे करा, हे तर आम्ही एरवीही सांगतोच. पावसाळ्यात ओढ्याच्या काठची माती वाहून जाऊन नळ उघडा पडलेला दिसला तर लगेच कळवा.

आंध्र प्रदेशात २७ जून २०१४ रोजी पूर्व गोदावरी जिल्ह्यातल्या नगरम गावात अशीच एक वाहिनी फुटली. तिचा वायू कोंडापल्लीच्या वीजघराकडे जात होता. पहाटे वायू गावात पसरला, चहाच्या दुकानात चूल पेटली आणि भडका उडाला. वीसहून अधिक माणसे गेली, नारळाच्या बागा जळाल्या. वायूबरोबर पाणी जात होते आणि त्याने नळ आतून गंजला होता. गळतीबद्दल आम्ही आधीच सांगितले होते, असे गावकऱ्यांचे म्हणणे होते. ती सगळी शेतकरी वस्तीच होती, आपल्यासारखी भाताची.

तेव्हा गळती ओळखायची कशी? स्वयंपाकाच्या गॅसला वास असतो, तो मुद्दाम घातलेला. लांब पल्ल्याच्या मोठ्या वाहिनीतल्या वायूला तसा वास असेलच असे धरून चालू नका. कान आणि डोळे वापरा. सापाच्या फूत्कारासारखा सतत आवाज, कोरड्या जमिनीतून उडणारी धूळ, हिरव्या पिकात नळाच्या रेषेवरच पडलेला वाळका ठिपका, कारण वायू मातीतली हवा ढकलून देतो आणि मुळे गुदमरतात. खाचरात पाणी असेल तर बुडबुडे. आता तुम्ही म्हणाल, बुडबुडे तर भादव्यात प्रत्येक खाचरात येतात. बरोबर आहे. चिखलात पाला कुजून मिथेन होतो, आणि नळातला वायूही मुख्यतः मिथेनच. पण चिखलातला वायू तुम्ही पाय ठेवला की सुटतो आणि थांबतो. गळतीचे बुडबुडे कोणी पाय न ठेवता, एकाच जागी, रात्रंदिवस येत राहतात.

असे दिसले तर विडी-काडी पेटवू नका, पंप किंवा ट्रॅक्टर चालू करू नका, मोबाइलही तिथून लावू नका. वारा येतो त्या दिशेने दूर जा, इतरांना थांबवा आणि मगच फोन करा. पट्ट्याच्या कडेला ठरावीक अंतरावर खांब आणि पाट्या असतात, त्यांच्यावर तातडीचा क्रमांक असतो. तो आजच घराच्या भिंतीवर लिहून ठेवा. वायूने पेट घेतला असेल तर तो विझवायला जाऊ नका. पाटीवर आत काय वाहते तेही वाचा. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, वर निघून जातो. पण आपल्या जिल्ह्यातून उरणहून चाकणकडे स्वयंपाकाच्या गॅसचीही वाहिनी जाते, आणि तो गॅस जड असतो. तो सखल खाचरात, ओढ्यात उतरून बसतो. अशा वेळी खालच्या बाजूला पळणे धोक्याचे, चढाकडे जावे. पाट्या उखडून गोठ्याला टेकू म्हणून वापरलेल्या मी पाहिल्या आहेत. हसू नका, याच तालुक्यात पाहिल्या आहेत.

मेळाव्यानंतर मी देवळाच्या ओट्यावर बसणार आहे. ज्यांनी सातबारा आणि गटाचा नकाशा आणला असेल त्यांनी घेऊन यावे, इतर हक्कांच्या रकान्यात काय लिहिले आहे ते आपण एकत्र वाचू. ज्यांच्या खाचरात चर बुजवल्यावर पाणी राहत नाही, त्यांनी दोन ढेकळे आणून दाखवावीत, एक पट्ट्यातले आणि एक पट्ट्याबाहेरचे.